तेल कोणाचे?

नरकचतुर्दशीची पहाट ही वर्षातली एकच अशी पहाट, की जेव्हा महाराष्ट्रातले झाडून सारे घर सूर्याच्या आधी उठलेले असते. उठलेले म्हणजे उठवलेले. न्हाणीघरात बंब धडधडत असतो, उटण्याचा वास ओसरीपर्यंत आलेला असतो, लहान मुले पेंगत पेंगत फुलबाज्या शोधत असतात, आणि आंघोळीची आपली पाळी यायला अजून अवकाश असतो. हा मधला अर्धा-पाऊण तास कशाचाच नसतो. ज्यांच्या घराला गच्ची किंवा अंगण आहे त्यांना माझी सूचना अशी, की त्यांनी अंगावर शाल घेऊन बाहेर पडावे आणि ईशान्येकडे तोंड करून उभे राहावे. अमावास्या तोंडावर आलेली असते. चंद्राची कोर उगवली तरी आकाश उजळण्याइतकी ती नसते. सप्तर्षी वर चढत असतात. मरीची खाली, क्षितिजाच्या बाजूला; क्रतू आणि पुलह वर. चौकटीतल्या पुलस्त्यापासून क्रतूपर्यंत मनातल्या मनात एक तिरपी रेघ ओढावी आणि ती तेवढीच पुढे, ध्रुवाच्या अंगाला न्यावी. तेथे काहीही दिसणार नाही.

निदान नुसत्या डोळ्यांना नाही. गेल्या दिवाळीत माझी नात गावी आली ती गळ्यात दुर्बीण अडकवूनच आली. ती पदार्थविज्ञान शिकते. मी आयुष्यभर हिशेब लिहिले. आमच्या दोघांत बोलण्यासारखे फार थोडे असते, म्हणून ती मला आकाश दाखवते आणि मी तिला चुका न करता बेरीज कशी करावी ते सांगतो. त्या पहाटे तिने मला काठीसह गच्चीवर चढवले आणि म्हणाली, "आबा, तिथं एक दीर्घिका आहे. तुम्हाला आवडणार नाही. फार उधळी आहे."

ती दीर्घिका म्हणजे मेसिये ८२. योहान बोडे या जर्मन ज्योतिर्विदाने ती १७७४ सालच्या शेवटच्या दिवशी, ३१ डिसेंबरला, पहिल्यांदा टिपली. शेजारीच दुसरी एक होती, ती मेसिये ८१. पुढे १७८१ साली शार्ल मेसिये याने दोघींना आपल्या यादीत घेतले. हा मेसिये धूमकेतूंचा शिकारी. धूमकेतू समजून फसू नये म्हणून त्याने आकाशातल्या पुसट ठिपक्यांची यादी केली होती. म्हणजे ज्या गोष्टींकडे लक्ष द्यायचे नाही त्यांची ती यादी. आज त्याचे धूमकेतू फारसे कोणाला आठवत नाहीत, यादी मात्र सगळ्यांना पाठ असते. असो.

या दीर्घिकेचे अंतर सुमारे एक कोटी वीस लाख प्रकाशवर्षे. आकाशाच्या मापाने हा शेजार म्हणायचा. आकाराने ती आपल्या आकाशगंगेपेक्षा बरीच लहान, आडवी, चिरूटासारखी दिसणारी. पण एकूण तेज काढले तर आपल्या आकाशगंगेच्या सुमारे पाचपट. आपल्या आकाशगंगेचा गाभा आणि तिचा गाभा समोरासमोर ठेवला तर तिचा शंभरपट उजळ. हे तेज साध्या डोळ्यांच्या प्रकाशात पुरते दिसतही नाही, कारण धुळीचे दाट पडदे ते गिळतात, तापतात आणि अवरक्त किरणांच्या रूपाने बाहेर टाकतात. अवरक्त किरण पाहणाऱ्या दुर्बिणींना आकाशातल्या दीर्घिकांत सर्वांत तेजस्वी दिसते ती हीच.

एवढे तेज येते कोठून? तर ताऱ्यांच्या जन्मातून. आपली आकाशगंगा जुन्या वळणाच्या गृहिणीसारखी आहे. दर वर्षी सूर्याच्या एक-दोनपट वजनाइतका वायू काढायचा आणि त्याचे तारे करायचे. बाकीचा डब्यात झाकून ठेवायचा. मेसिये ८२ वर्षाला सुमारे दहा सूर्यांइतका वायू ताऱ्यांत घालते, आणि तोही बहुतेक गाभ्याच्या जेमतेम दीड हजार प्रकाशवर्षांच्या जागेत. हबल दुर्बिणीने त्या गाभ्यात तरुण, वजनदार तारकागुच्छ मोजले. ते दोनशेच्या घरात भरले. एकेका गुच्छात लक्षावधी सूर्यांचे वजन. अशा दीर्घिकेला इंग्रजी शास्त्रज्ञ 'स्टारबर्स्ट' म्हणतात. मला माझ्या नातीचा शब्द बरा वाटतो. उधळी दीर्घिका.

आणि ही उधळपट्टी टिकणार नाही, हे ठरलेले आहे. ज्या वायूचे तारे होतात तो संपतो. जो उरतो त्याला नव्या ताऱ्यांचा झोतच बाहेर ढकलून देतो. काही कोटी वर्षांत हा दिवाळसण आटोपेल. काही कोटी वर्षे आपल्याला पुष्कळ वाटतात. पण आपला सूर्य एकटाच सुमारे एक हजार कोटी वर्षांची शिदोरी घेऊन आला आहे, आणि त्यातली निम्मीही अजून संपलेली नाही. उलट सूर्याच्या वीसपट वजनाचा तारा हजारो सूर्यांच्या तेजाने तळपतो आणि जेमतेम एक कोटी वर्षांत फुटून जातो. इंधन वीसपट, पण खर्च हजारोंच्या पटीत. हा हिशेब मला सांगावा लागला नाही. असे हिशेब मी जन्मभर पाहिले आहेत. तेथला जो प्रकाश आज आपल्या डोळ्यांत शिरतो तो निघाल्याला एक कोटी वीस लाख वर्षे झाली. म्हणजे ज्या मोठ्या ताऱ्यांनी तो पाठवला, त्यांतले कितीतरी आता नाहीत.

नातीने विचारले, "मग चांगलं कुठलं, आबा? फार दिवस मिणमिणणं, की थोडे दिवस भडकणं?"

तिने विचारले सहज. आमच्या घरात हा प्रश्न सहज विचारण्यासारखा नाही, हे तिला ठाऊक नव्हते.

माझे मामा तालुक्याच्या गावी हायस्कुलात गणित शिकवत. शाळा सुटली की त्यांच्या घरी दुसरी शाळा भरे. तिला फी नव्हती. आसपासच्या खेड्यांतली मुले वारावर जेवत, आणि ज्या वाराचे घर गळे तो वार मामांकडे येई. बहुतेक आठवड्यांत तीन-चार वार गळत. परीक्षेचे शुल्क, चपला, कंदिलाचे रॉकेल, कोणाच्या आईचे औषध. १९६१ साली मामा त्रेचाळीसाव्या वर्षी गेले. शोकसभेला गाव लोटला. एका वक्त्याने टेबलावर हात आपटून सांगितले, की गुरुजी दिव्यासारखे जळले आणि आम्हाला उजेड देऊन गेले. बायका डोळ्यांना पदर लावत होत्या. मामी दाराशी बसली होती. ती कोणाशी फारसे बोलत नसे. ती जागेवरूनच म्हणाली, "तेल कोणाचं होतं, तेही विचारा."

सभेत कोणी काही बोलले नाही. वक्त्यांनी चष्मा पुसला आणि पुढचा मुद्दा घेतला.

दीर्घिकेला नीती लावणे हा वेडेपणा आहे, हे मला समजते. वायूला मन नाही, ताऱ्याला संसार नाही. पण माणूस आकाशात ऋषी पाहत आला, त्यांच्या बायका पाहत आला, तेव्हा मी एक प्रश्न पाहिला तर बिघडत नाही. शिवाय या दीर्घिकेबद्दल शास्त्रज्ञांचे मत जसजसे बदलत गेले, तसतसे मला माझ्या मामांबद्दलचे मत बदलावे लागले आहे. उपमा म्हणून नव्हे. चुका त्याच जातीच्या होत्या म्हणून.

पहिली चूक. १९६३ साली लिंड्स आणि सँडेज या दोघा अमेरिकन शास्त्रज्ञांनी या दीर्घिकेच्या गाभ्यातून वर आणि खाली, चकतीला काटकोनात फेकल्या गेलेल्या तांबड्या वायूच्या झिरमिळ्या दाखवल्या आणि गाभ्यात एक प्रचंड स्फोट झाला असावा असे म्हटले. पुढे कळले की एक असा स्फोट नाहीच. हजारो ताऱ्यांचे झोत आणि एकामागून एक फुटणारे तारे, सरासरीने दहा वर्षांत एखादा, यांनी मिळून तो वारा उठवला आहे आणि हजारो प्रकाशवर्षे दूर नेला आहे. आपणही माणसाच्या उधळेपणाला एक स्फोट शोधत असतो. अमक्या दिवशी याचे डोके फिरले, तमक्याच्या नादी लागला. मामांच्या बाबतीत आमच्या घरात बेचाळीसच्या चळवळीकडे बोट दाखवत. खरे म्हणजे मामांचे डोके कधीच फिरले नव्हते. रोज संध्याकाळी एक मुलगा दाराशी उभा राही, आणि त्याला परत जा म्हणणे मामांना रोज जमत नसे.

दुसरी चूक दोष देण्यातली. मेसिये ८२ ने स्वतः होऊन हा सण मांडलेला नाही. शेजारची मेसिये ८१ तिच्यापेक्षा कितीतरी वजनदार. काही दशकोटी वर्षांपूर्वी दोघी एकमेकींच्या फार जवळून गेल्या. समुद्राला चंद्र ओढतो तशी थोरलीने धाकटीला ओढ लावली. धाकटीतला वायू ढवळला, हळूहळू गाभ्याकडे घरंगळत गेला, दाटला आणि पेटला. १९९४ साली रेडिओ दुर्बिणींनी त्या दोघींच्या आणि जवळच्या आणखी एका लहान दीर्घिकेच्या दरम्यान पसरलेले हायड्रोजनचे पट्टे दाखवले. त्या भेटीचा तो मागे राहिलेला पुरावा. ओढ लावणारी मेसिये ८१ आज कशी आहे? सुरेख. दोन्ही हात रेखीव वळवून बसलेली, छायाचित्राच्या पुस्तकात पहिल्या पानावर घालावी अशी. आग शेजारणीकडे. मला आमच्या गावातली काही प्रतिष्ठित घरे आठवतात. गावात बोर्डिंग काढण्याचा ठराव त्यांनी तीनदा मांडला आणि तीनदा पुढे ढकलला, आणि दर वेळी जाता जाता म्हणाले, "तोवर गुरुजी आहेतच." पुढे गुरुजींवर भाषणे त्यांनीच केली.

तिसरी गोष्ट चूक म्हणावी की अर्धवट पाहणे, ते ठरवता येत नाही. कितीतरी वर्षे पुस्तकांत मेसिये ८२ पुढे 'अनियमित' असा शेरा होता. आकार नाही, शिस्त नाही. २००५ साली मेक्सिकोतल्या संशोधकांनी अवरक्त प्रकाशात पाहिले, तर धुळीच्या आणि झगमगाटाच्या खाली दोन सर्पिल हात नीट वळलेले सापडले. शिस्त होती, वरच्या गोंधळात दिसत नव्हती. मामा गेल्यावर त्यांच्या पेटीत एक वही निघाली. मी तेव्हा नुकता हिशेब खात्यात लागलो होतो, म्हणून ती माझ्याकडे आली. गावाला वाटे, गुरुजींना पैशाची शुद्ध नाही. त्या वहीत पै-पैसा लिहिलेला होता. मुलाचे नाव, तारीख, कारण, रक्कम. येणे असे कोठेही लिहिलेले नव्हते. पण एका पानावर, १९५७ सालच्या जूनमध्ये, माझे नाव होते. कॉलेजच्या पहिल्या वर्षाची फी आणि पुण्याचे भाडे. त्याच्या खाली त्याच तारखेला दुसरी ओळ होती: "तिच्या पाटल्या. देणे."

वहीत 'देणे' हा शब्द एवढ्या एकाच ठिकाणी होता.

मी ते पान मामीला दाखवले. मला वाटले, तिला बरे वाटेल. नवऱ्याला जाणीव होती, आठवण होती. तिने पान वाचले, वही मिटली आणि मला परत दिली. "लिहून ठेवलं म्हणजे दिलं होतं का रे?" एवढेच म्हणाली.

त्या दीर्घिकेच्या वाऱ्याकडे परत येतो. तो वारा नुसता वायू नेत नाही. फुटलेल्या ताऱ्यांच्या पोटात शिजलेला ऑक्सिजन, मॅग्नेशियम, सिलिकॉन तो बाहेर नेतो. काही मागे पडून पुन्हा घरात येते, काही दीर्घिकांच्या मधल्या पोकळीत कायमचे जाते. सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांचे नाव दिलेली 'चंद्रा' ही क्ष-किरण दुर्बीण तो कोट्यवधी अंश तापलेला वायू पाहते. २०२४ साली जेम्स वेब दुर्बिणीने टिपलेल्या चित्रात या वाऱ्याच्या मुळाशी काजळीच्या जातीच्या रेणूंच्या बारीक झिरमिळ्या दिसल्या, उदबत्तीच्या धुरासारख्या. विश्वाला जडद्रव्ये पुरवण्याचे काम अशाच घरांनी केले आहे. आपण जो श्वास घेतो त्यातला बहुतेक ऑक्सिजन, मेसिये ८२ मधला नव्हे, पण आपल्याच आकाशगंगेत सूर्याच्या आधी जन्मून लवकर फुटून गेलेल्या अशाच भडक ताऱ्यांतला आहे. काटकसरी सूर्याने त्यातला कणही केला नाही. सूर्याने केले ते निराळे: तो शेकडो कोटी वर्षे एकसारखा उबेला बसला, म्हणून त्या ऑक्सिजनचे पुढे काही झाले. भडक ताऱ्याच्या अंगणात कोणाला वाढायला वेळच मिळाला नसता.

हे मी नातीला सांगितले तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे दोन्ही लागतात." तिच्या वयाला हे उत्तर पुरते. मला पुरत नाही. कारण मी स्वतः त्या वाऱ्याबरोबर बाहेर पडलेला कण आहे. माझे शिक्षण, नोकरी, हे घर, ही गच्ची, या मुलीच्या गळ्यातली दुर्बीणसुद्धा, मागे मागे गेले तर एका बाईच्या मनगटापर्यंत पोहोचते. मी मामांना उधळे म्हणू शकत नाही; ते उधळले म्हणून मी आहे. आणि त्यांना थोर म्हणतानाही माझी जीभ अडखळते. ज्याने आपले दिले तो थोर, हे ठीक. पण घरातला वायू हा एकट्या गाभ्याचा नसतो. गाभा पेटतो तेव्हा सगळ्या चकतीचा खुराक तिकडे ओढला जातो, आणि त्या उरलेल्या चकतीला कोणी विचारत नाही.

२०१४ साली या दीर्घिकेत एक तारा फुटला. २१ जानेवारीला लंडनच्या एका वेधशाळेत स्टीव्ह फॉसी नावाचे प्राध्यापक विद्यार्थ्यांना दुर्बिणीचा तास देत होते. ढग भरून येत होते, वेळ थोडा होता, म्हणून चटकन सापडणारी दीर्घिका म्हणून त्यांनी मेसिये ८२ लावली, आणि चित्रात एक तारा जास्त होता. अशा जातीचा इतक्या जवळचा स्फोट कित्येक दशकांत झाला नव्हता. जगभरच्या दुर्बिणी तिकडे वळल्या. लडाखमधल्या हानले येथील आपली दुर्बीणही वळली. गंमत अशी, की हा फुटलेला तारा त्या उधळ्या तरुण ताऱ्यांपैकी नव्हता. तो श्वेत बटू होता. आपल्या सूर्यासारख्या एखाद्या बेताच्या ताऱ्याचे आयुष्य सरल्यावर उरलेला, गप्प, निवत चाललेला गोळा. अशा गोळ्यावर बाहेरून भर पडत गेली, तर सूर्याच्या सुमारे १.४ पटीपलीकडे तो स्वतःला सावरू शकत नाही. ही मर्यादा चंद्रशेखरांनी तरुणपणीच गणिताने काढली होती. भडकणाऱ्यांच्या घरात सर्वांत मोठा आवाज झाला तो एका गप्प बसलेल्याचा. हे नातीने सांगितले तेव्हा मला शोकसभेत दाराशी बसलेली मामी दिसली. तेव्हा आम्ही सगळ्यांनी मान खाली घातली होती ती लाजेने नव्हे. या बाईला प्रसंगाचे भान नाही, असे आम्हाला वाटले होते म्हणून. मलाही वाटले होते.

पाटल्या मी तिला केल्या. लगेच नाही. पगार थोडा, मागे दोन बहिणी. शिवाय १९६३ साली सोन्यावर नियंत्रण आले आणि चौदा कॅरटच्या वरचे दागिने घडवायला बंदी झाली. मामीला चौदा कॅरटच्या द्यायला माझे मन घेईना. ते बंधन उठल्यावर १९६७ च्या दिवाळीत मी पाडव्याला पाटल्या घेऊन गेलो. विधवेने पाटल्या घालाव्यात का, यावर शेजारच्या दोघी काही कुजबुजल्या. मामीने त्या तेथल्या तेथे हातात चढवल्या. मी म्हणालो, "मामी, देणं फिटलं म्हणत नाही." ती म्हणाली, "म्हणूही नकोस."

त्यानंतर वर्षभराने मामांच्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी एक जण मुलाच्या ॲडमिशनसाठी पैसे मागायला आला. बोलता बोलता त्याची नजर तिच्या हाताकडे गेली. मी तेथेच होतो. मला वाटले, आता ही पाटल्या काढते. पुस्तकात अशा बायका पाटल्या काढतात. मामीने त्याला चहा दिला, चिवडा दिला, मुलाची चौकशी केली आणि सांगितले, "नाही रे बाबा. या माझ्या आहेत." ती कोणाला नाही म्हणताना मी पहिल्यांदाच ऐकत होतो. त्या मुलाचे पैसे मग मी दिले; तो निराळा हिशेब. पाटल्या तिच्या हातात शेवटपर्यंत होत्या. १९८४ साली तिला इस्पितळात नेले, तेथे नर्सने त्या उतरवायला सांगितल्या, तर तिने मूठच उघडली नाही.

हे सगळे मी नातीला गच्चीवर सांगितले की नाही, ते आता नीट आठवत नाही. थोडे सांगितले असेन. ती दुर्बीण माझ्या डोळ्यांना लावून, मागून माझे खांदे धरून उभी होती. "क्रतूच्या डावीकडे, आबा. अजून थोडं. एक पुसट रेघ दिसते का? आडवी?" माझे हात कापत होते, सगळे तारे पोहऱ्यातल्या पाण्यासारखे हेलकावत होते. एकदा वाटले, दिसली. एकदा वाटले, चष्म्यावरचा डाग आहे. पूर्वेला फटफटू लागले होते. मी म्हटले, "दिसली," आणि तिला ते खरे वाटले की नाही कोण जाणे. तेवढ्यात खालून सुनेची हाक आली, की पाणी निवते आहे, आणि आधी कोण येणार ते ठरवा.